कॅडमियम गेलं, चांदी चढली: २०११ सालच्या एका पेचाचं प्रकरण

२०११ सालातल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चांदी औंसाला ४८ डॉलरच्या वर गेली. १९८० च्या जानेवारीनंतर असा भाव कुणी पाहिला नव्हता. २० मे रोजी युरोपीय आयोगाने ४९४/२०११ क्रमांकाचा नियम काढला. त्या नियमानुसार १० डिसेंबरपासून युरोपात ब्रेझिंगच्या, म्हणजे दोन धातू तिसरा, लवकर वितळणारा धातू मध्ये घालून जोडण्याच्या मालात ०.०१ टक्के किंवा त्याहून जास्त कॅडमियम असेल, तर तो विकायचा नाही आणि वापरायचाही नाही. संरक्षण, विमान आणि अवकाश क्षेत्राला आणि सुरक्षिततेच्या कारणासाठी लागणाऱ्या कामांना तेवढी सूट मिळाली.

आमच्या धंद्यात नसलेल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ब्रेझिंगचा रॉड बनवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला त्या वर्षी दोन्ही बाजूंनी आग लागली होती. कॅडमियम काढलं की त्याची जागा भरायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे चांदी, आणि चांदीला तर हात लावायची सोय नव्हती. कमी चांदीचे मिश्रधातू त्याआधीही होते, मानकांत त्यांचे आकडेही छापलेले होते. पण गरज नव्हती तोवर पुष्कळ दुकानांत ते फळीवरच पडून होते. या पेचाने ते खाली उतरवले. कसे, कुठे जमले आणि कुठे फसले, ते या प्रकरणात बघू.

आधी कॅडमियम मुळात आलं कशाला ते सांगतो. हे मराठी वाचकाला वेगळं समजवायची गरज नाही, कारण घराघरात ‘केडीएम’चे दागिने होते. केडीएम म्हणजे कॅडमियमच. सोन्याचे दोन तुकडे जोडायचे तर डाक लागते, आणि डाक दागिन्याच्या आधी वितळली पाहिजे. पूर्वी तांबं घालून डाक करत, त्यात दागिन्याचा कस उतरे. मग ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम अशी डाक आली. कस टिकला, डाक लवकर वाहिली, आणि बागेसरीच्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीच्या धुराने कारागिरांच्या छातीची वाट लागली. आज हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही. कारखान्यातल्या सिल्व्हर ब्रेझिंगची गोष्ट अगदी हीच, फक्त सोन्याच्या जागी तांबं, पितळ आणि लोखंड.

आता थोडं धातूंच्या स्वभावाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८४ ला. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं एकत्र केलं की ७८० अंशांनाच त्याचं पाणी होतं. त्यात जस्त घाला, तापमान आणखी उतरतं. ४५ चांदी, ३० तांबं, २५ जस्त हा जुना, सरळमार्गी माल ७४५ अंशांच्या आसपास पूर्ण वाहतो. जस्त स्वस्त आहे, मग तेच आणखी का घालू नये? कारण प्रमाण फार वाढलं की आत ठिसूळ कण तयार होतात. शिवाय जस्त ९०७ अंशांना उकळतं. टॉर्च जरा जास्त वेळ धरली की पांढरा धूर निघतो आणि जॉइंटमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

इथे कॅडमियमने बाजी मारली. ते ३२१ अंशांना वितळतं, चांदीत सहज मुरतं, मालाला कडक करत नाही, आणि जस्ताच्या शुद्धीकरणात बाजूला निघणारं असल्यामुळे स्वस्तही. ४५ चांदी, १५ तांबं, १६ जस्त, २४ कॅडमियम, म्हणजे अमेरिकन मानकातला बीएजी-१. हा ६०७ अंशांना वितळायला लागतो आणि ६१८ ला संपूर्ण पाणी. अकरा अंशांत सगळा कारभार आटोपतो. ज्याने हा माल हाताळला आहे त्याला दुसरा कुठलाही माल आळशी वाटतो. फ्लक्स, म्हणजे धातूवरचा ऑक्साइड काढायला लावायचा लेप, काचेसारखा स्वच्छ झाला, रॉड टेकवला, की गेला आत. शिकाऊ पोराचा जॉइंटसुद्धा बरा दिसायचा. मला वाटतं, आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या ब्रेझरांना कॅडमियमने लाडावून ठेवलं होतं.

लाडाची किंमत मात्र जबर. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, आणि टॉर्चच्या ज्योतीला हा आकडा म्हणजे काहीच नाही. माल जास्त तापला की पिवळट-तपकिरी धूर येतो. त्याचा वाईट गुण असा की तो लगेच कळत नाही. माणूस काम संपवून घरी जातो, काही तासांनी थंडी वाजते, छाती भरून येते, आणि घरचे म्हणतात फ्लू झाला. जास्त मात्रा गेली तर फुप्फुसांना सूज येऊन माणूस दगावतो. थोडं थोडं जात राहिलं तर मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघायला दशकं लागतात. अमेरिकेने १९९२ मध्ये कामाच्या जागेच्या हवेत घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली ती उगीच नाही. युरोपातही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून कॅडमियम जुलै २००६ पासूनच बाहेर गेलं होतं. २०११ चा नियम हा त्याच रस्त्यावरचा पुढचा टप्पा.

तर कॅडमियम काढायचं. पण त्याच्यासारखाच पातळ, तितक्याच कमी तापमानाला वाहणारा माल हवा, असं गिऱ्हाईक म्हणणार. पहिलं उत्तर तयार होतं: कथील. ५६ चांदी, २२ तांबं, १७ जस्त, ५ कथील. हा ६१८ ला सुरू होतो आणि ६५२ ला पूर्ण वाहतो. बीएजी-१ च्या सगळ्यात जवळ जाणारा हाच. पण चांदी बघा, ४५ वरून ५६. किलोमागे ११० ग्रॅम जादा. एप्रिल २०११ च्या भावाने ते साधारण १७० डॉलर होतात, आणि हे नुसत्या चांदीचे. मग पाचऐवजी आठ टक्के कथील घालून चांदी का कमी करू नये? कारण कथील पाचच्या पुढे गेलं की धातू ठिसूळ होतो. त्याची तार ओढायला गेलं की तुटते. रॉडच बनला नाही तर स्वस्त माल घेऊन करायचं काय? इंडियम आणि गॅलियम हे आणखी दोन पर्याय होते. दोन्ही तापमान छान उतरवतात, पण स्वस्त करायला निघालेल्याने त्यांच्या वाटेला जाणं म्हणजे रिक्षा परवडत नाही म्हणून टॅक्सी करणं.

म्हणजे चांदी खाली आणायची तर तापमान वर जाणार, याला पळवाट नव्हती. युरोपातल्या उत्पादकांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी तेच मान्य केलं आणि एकेक पायरी उतरले. ४५ टक्के चांदी अडीच टक्के कथिलासह: ६४० ते ६८० अंश. ३४ टक्के: ६३० ते ७३०. ३० टक्के: ६६५ ते ७५५. २५ टक्के: ६८० ते ७६०. हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी दिसतात. वरचा आकडा चढत गेला, ती एक. दुसरी जास्त त्रासदायक, ती म्हणजे दोन आकड्यांमधलं अंतर. बीएजी-१ मध्ये ते अकरा होतं. ३४ टक्क्यांच्या मालात ते शंभर आहे.

शंभर अंशांचं अंतर म्हणजे काय, हे मी पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये डोळ्यांनी पाहिलं. युरोपला जाणारे पितळी व्हॉल्व्हचे सुटे भाग होते, लोखंडी नळीला जोडायचे. गिऱ्हाइकाने कॅडमियम नसल्याचं लेखी मागितलं म्हणून माल बदललेला. ब्रेझिंग करणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणायचे. तीस वर्षांचा हात. त्यांनी नेहमीप्रमाणे मालाची रिंग बसवली, फ्लक्स लावला, मऊ ज्योत घेतली आणि सावकाश फिरवायला लागले.

“साहेब, हा माल फाटतोय,” मामा म्हणाले.

मी वाकून बघितलं. रिंगमधला थोडा भाग वितळून आत शिरला होता आणि उरलेलं रवाळ, करडं कडं जागच्या जागी बसून होतं. मामांनी आणखी ज्योत मारली तरी ते हलेना. लोणी कढवल्यावर तूप वर येतं आणि खाली बेरी राहते ना, तसं. सावकाश तापवलं की मालातला लवकर वितळणारा भाग आधी निसटतो. जे मागे राहतं त्यात तांबं जास्त, त्यामुळे त्याला आता आधीपेक्षाही जास्त तापमान लागतं. तोवर फ्लक्स दमलेला. नेहमीचा फ्लोराइडचा फ्लक्स साधारण ५५० ते ८०० अंशांत काम करतो. बीएजी-१ सोबत त्याला भरपूर सवड असते. ७३० किंवा ७६० वाल्या मालाबरोबर तो शेवटच्या षटकात बॅटिंगला आल्यासारखा.

आम्ही रिंग काढून टाकली. मामांना मोठा नोझल दिला, आधी नळी आणि व्हॉल्व्ह दोन्ही झपाट्याने तापवायला सांगितलं, आणि रॉड शेवटी, तोंडाशी, हाताने द्यायला. पहिले दोन जॉइंट जळले. पितळ जास्त तापून जस्ताचा धूर निघाला. तिसरा बसला. दुपारपर्यंत मामांच्या हाताला नवीन वेळ कळली होती, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. “जुना माल तो जुना माल,” एवढंच म्हणाले. धूर कुणाच्या छातीत जात होता, हे मी त्यांना तेव्हा बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र या रुंद अंतराच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. असा माल वितळलेला असतानाही थोडा पिठूळ असतो, म्हणून मोठी फट भरतो आणि कोपऱ्यात छान गोलाई देतो. जिथे भाग नीट बसत नाहीत तिथे तो बीएजी-१ पेक्षा सोयीचा. पण हीच सोय पुढच्या चुकीचं मूळ ठरली.

ती चूक हिशोबाची. कंपन्यांच्या खरेदी विभागाने रॉडचा किलोचा भाव बघितला. ५६ टक्क्यांवरून २५ वर आलो, म्हणजे किलोमागे ३१० ग्रॅम चांदी वाचली, त्या वर्षीच्या शिखर भावाने जवळजवळ ४८० डॉलर. हिशोब बरोबर आहे, पण जॉइंट किलोने होत नाही. तो फटीने होतो.

एक साधी नळी घ्या, २० मिलिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर आत बसणारी. फट सगळीकडून ०.१ मिलिमीटर असेल, तर ती भरायला सुमारे ६३ घन मिलिमीटर माल लागतो. ४५ टक्क्यांचा माल वापरला तर त्यात साधारण पाव ग्रॅम, नेमकं म्हणायचं तर ०.२६ ग्रॅम चांदी जाते. आता २५ टक्क्यांचा माल फट भरतो ना, मग कशाला मापाच्या मागे लागायचं, असं म्हणून फट ०.२५ मिलिमीटरवर गेली. आता १५७ घन मिलिमीटर माल लागतो आणि त्यात चांदी जाते ०.३४ ग्रॅम. टक्केवारी जवळजवळ अर्धी, आणि चांदी मात्र तिसऱ्या हिश्शाने जास्त. वर गॅस जादा, फ्लक्स जादा, साफ करायला वेळ जादा. जॉइंटही कमजोर, कारण चांदीच्या मालाची खरी ताकद ०.०५ ते ०.१५ च्या फटीतच मिळते.

हा हिशोब मी अनेकांना कागदावर करून दाखवला आहे. दहापैकी नऊ जणांचा पहिला प्रश्न असतो, “म्हणजे लेथवाल्याला सांगायचं?” होय, लेथवाल्यालाच. आणि ड्रॉइंगवाल्यालाही. कारण दुसरी उधळपट्टी खोलीची असते. नळीची भिंत एक मिलिमीटरची असेल, तर तिच्या तिप्पट, म्हणजे तीन मिलिमीटर आत बसलं की बहुतेक कामांना पुरतं. पण जुन्या ड्रॉइंगवर दहा लिहिलेलं असतं आणि आजवर कुणी विचारलेलं नसतं. दहाचे पाच केले की मिश्रधातू न बदलता निम्मी चांदी वाचते. कॅडमियमच्या काळात माल इतका सहज आत जायचा की या गोष्टींकडे बघायची वेळच आली नाही.

एकाच रॉडने सगळं जोडायची सवय हा खर्चाचा तिसरा झरा. फ्रिज-एसीच्या कामात हे फार दिसतं. तांब्याला तांबं जोडायचं असेल तर चांदीचा फारसा संबंधच नाही. तिथे तांबं आणि फॉस्फरस पुरतं. ९२.७ टक्के तांबं आणि ७.३ टक्के फॉस्फरस हा माल ७१० अंशांना सुरू होतो, चांदी शून्य. वर फ्लक्सही लागत नाही, कारण फॉस्फरस स्वतःच तांब्यावरचा ऑक्साइड खातो. त्यात चांदी घालायची ती लवचिकपणासाठी. कंपन आणि हादरे असतील तर ५ किंवा १५ टक्के. पंधरावाल्याला आपल्याकडे लोक अजूनही सरसकट सिल्फॉस म्हणतात, पेस्टला कोलगेट म्हणावं तसं. तांब्याला पितळ जोडायचं तर हाच माल चालतो, फक्त सोबत फ्लक्स लावायचा. म्हणजे ४५ टक्क्यांच्या रॉडने जे जॉइंट निमूट होत होते, त्यातल्या पुष्कळशांना मुळात त्याची गरज नव्हती. माझ्या मते कमी चांदीच्या सगळ्या उद्योगात खरी बचत इथे झाली. नवा मिश्रधातू शोधून जेवढी झाली असेल, त्याहून जुना योग्य जागी लावून जास्त झाली.

धातू कापायच्या टूलला कार्बाइडची कडक टिप जोडायचा मामला वेगळा, तिथे चांदी फार खाली आणता येत नाही. कार्बाइड तापल्यावर लोखंडाच्या निम्म्यानेच फुगतं. म्हणून जितक्या जास्त तापमानाला जोडाल, तितका थंड होताना ताण जास्त, आणि टिपला तडा जातो. तिथे ४९ किंवा ५० टक्के चांदी, सोबत निकेल आणि काहींत मँगनीजही, हेच चालत आलं. तिथली वाट तिहेरी पट्टीने काढली: वरखाली चांदीचा माल, मध्ये तांब्याचा पत्रा, १:२:१ अशा जाडीत. मधलं तांबं मऊ असल्यामुळे ताण झेलतं. हे मुळात तडे टाळायला आलं होतं, पण पट्टीची अर्धी जाडी तांब्याची झाल्यावर चांदीही आपोआप निम्म्यावर आली.

२०११ च्या मे महिन्यात चांदीचा भाव आठवड्याभरात धाडकन कोसळला, तेव्हा बऱ्याच जणांनी परत ४५ आणि ५६ चे रॉड मागवले. कॅडमियम मात्र युरोपच्या दारातून परत आत आलं नाही. आपल्याकडे देशी बाजारात कॅडमियमचा रॉड नंतरही मिळत राहिला. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. ज्या शॉपमध्ये निर्यातीच्या टेबलावर कॅडमियमला बंदी, त्याच शॉपमध्ये शेजारच्या टेबलावर देशी ऑर्डरसाठी तो पिवळट धूर, आणि मधे भिंतसुद्धा नाही, हे मी पाहिलं आहे.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने पन्नास डॉलरची रेषा ओलांडली आणि आपल्याकडे किलोचा भाव दीड लाखाच्या वर गेला. फोन पुन्हा वाजायला लागले. त्यातला एक एसी दुरुस्ती करणाऱ्या पोराचा.

“सर, पाच टक्केवाली रॉड चालंल ना? कंप्रेसरच्या नळीला.”

“कंप्रेसरची नळी कशाची आहे?”

“तांब्याची. लालच दिसतीय.”

लाल दिसणं पुरेसं नाही. बऱ्याच कंप्रेसरची नळी लोखंडाची असते आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. पाच टक्केवाल्यात फॉस्फरस असतो, तो लोखंडाशी मिळून एक पातळ, काचेसारखा ठिसूळ थर करतो. जॉइंट चकचकीत दिसतो, गळतीच्या चाचणीतही पास होतो, आणि दोन महिन्यांच्या थरथरीत उलतो. मी त्याला म्हटलं, “खिशात मोबाइलचं चुंबकवालं कव्हर आहे का? लावून बघ.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

“चिकटतंय, सर.”

“मग चौतीस टक्के घे. आणि फ्लक्स विसरू नकोस.”